‘मॉर्फ’ कुठे वापरावा, कुठे टाळावा

मराठी वर्तमानपत्रात ‘मॉर्फ’ हा शब्द बहुतेक वेळा गुन्ह्याच्या बातमीत भेटतो. फोटो मॉर्फ करून धमकी दिली, मॉर्फ केलेला व्हिडिओ व्हायरल झाला, अशा बातम्या वाचून वाचून मॉर्फ म्हणजे कुणाच्या तरी फोटोशी केलेली घाणेरडी छेडछाड, एवढा एकच अर्थ आपल्या मनात पक्का बसला आहे. इंग्रजी पुस्तकात किंवा अग्रलेखात मात्र हाच शब्द शहराबद्दल, आंदोलनाबद्दल, फुलपाखराबद्दल वापरलेला दिसतो आणि वाचणारा अडखळतो. उलट बाजूनेही घोटाळा होतो. परदेशात शिकणारी आपली मुलगी तिथल्या पोलिसाला ‘माय फोटो वॉज मॉर्फ्ड’ म्हणाली, तर तिच्यावर केवढा प्रसंग ओढवला आहे हे त्याला त्या एका शब्दावरून कळेलच असं नाही.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे, अनुवादक, पत्रकार आणि दुर्दैवाने पोलीस ठाण्यात तक्रार लिहिण्याची वेळ आलेले लोक, या सगळ्यांना हा शब्द नीट माहीत असायला हवा. तो वापरण्यापूर्वी दोन प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. बदल सलग, टप्प्याटप्प्याने सरकत झाला का? आणि तो आपसूक झाला, की कुणी केला? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की शब्दाची निवड सहसा चुकत नाही.

शब्द आला कुठून

ग्रीक भाषेत ‘मॉर्फे’ म्हणजे आकार, रूप. या मुळापासून इंग्रजीत मोठं कुटुंब तयार झालं. ‘मेटामॉर्फोसिस’ म्हणजे रूपांतरण. शाळेच्या भूगोलात आपण शिकलो तो रूपांतरित खडक म्हणजे ‘मेटामॉर्फिक रॉक’. ‘अमॉर्फस’ म्हणजे ज्याला ठरावीक आकार नाही असं. ‘मॉर्फॉलॉजी’ म्हणजे जीवशास्त्रात शरीररचनेचा, तर भाषाशास्त्रात शब्दांच्या घडणीचा अभ्यास. रोमन कवी ओव्हिडने माणसांची रूपं घेऊन स्वप्नात येणाऱ्या देवाला ‘मॉर्फियस’ म्हटलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अफूतून वेगळ्या काढलेल्या गुंगीच्या द्रव्याला त्याच्यावरूनच ‘मॉर्फिन’ हे नाव मिळालं. यातला एक शब्द लक्षात ठेवला तर बाकीचे परीक्षेत ओळखता येतात. ‘मॉर्फ’ दिसलं की रूपाचा किंवा आकाराचा संबंध शोधायचा.

क्रियापद म्हणून वापरला जाणारा ‘मॉर्फ’ मात्र या कुटुंबातला अगदी तरुण सदस्य आहे. ‘मेटामॉर्फोसिस’चा मधला तुकडा काढून तो घडवला गेला आणि १९८० च्या दशकात संगणकावर चित्रं हलवणाऱ्या मंडळींमुळे रुळला. १९८८ च्या ‘विलो’ या चित्रपटात एक जादूगारीण एका प्राण्यातून दुसऱ्या प्राण्यात सरकत शेवटी माणूस होते. ते दृश्य ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’ या कंपनीने संगणकावर घडवलं होतं. १९९१ मध्ये ‘टर्मिनेटर २’ मधला द्रवधातूचा खलनायक आला. त्याच वर्षी मायकल जॅक्सनच्या ‘ब्लॅक ऑर व्हाइट’ या गाण्याच्या व्हिडिओत शेवटी एकामागून एक चेहरे एकमेकांत विरघळत गेलेले जगाने पाहिले, आणि शब्द घरोघरी पोचला.

हे तंत्र कसं चालतं ते जवळून पाहिलं की शब्दाचा गाभा हाती लागतो. दोन चेहऱ्यांचे फोटो घ्यायचे. दोन्हींवर एकमेकांशी जुळणाऱ्या खुणा करायच्या: डोळ्यांचे कोपरे, नाकाचा शेंडा, ओठांच्या कडा, हनुवटी. मग संगणक पहिल्या चेहऱ्यावरच्या खुणा थोड्या थोड्या दुसऱ्याच्या जागी सरकवतो, दुसऱ्याच्या पहिल्याकडे आणतो, आणि त्याच वेळी एकाचे रंग फिके करत दुसऱ्याचे गडद करतो. नुसते रंग मिसळले तर दोन फोटो एकावर एक ठेवल्यासारखे दिसतात, चार डोळे दिसतात. खुणा सरकवल्या की डोळ्यावर डोळा बसतो. बरोबर मध्यावर जो चेहरा दिसतो तो पहिल्याचाही नसतो आणि दुसऱ्याचाही नसतो, तरी पूर्ण माणसाचा वाटतो. हा मधला टप्पा, ज्यात सांधा कुठे ते सापडत नाही, हाच ‘मॉर्फ’ या शब्दाचा प्राण आहे.

हा मधला चेहरा फार मोठी गडबडही करू शकतो. २०१८ मध्ये जर्मनीतल्या ‘पेंग’ या कार्यकर्त्यांच्या गटाने आपल्यातल्या एकीचा चेहरा आणि युरोपीय संघाच्या तेव्हाच्या परराष्ट्र धोरण प्रमुख फेडेरिका मोगेरिनी यांचा चेहरा असाच एकत्र करून त्या फोटोवर खराखुरा पासपोर्ट मिळवून दाखवला. एकच फोटो दोघींशी जुळू शकतो, हा धोका त्यांना दाखवायचा होता. १ मे २०२५ पासून जर्मनीत पासपोर्टसाठी अर्जदाराने आणलेला कागदी फोटो चालत नाही. आपल्याकडे पासपोर्ट सेवा केंद्रात मोठ्या माणसांचा फोटो काउंटरवर समोरच काढतात. त्यामुळे ही वाट बरीचशी बंद होते.

उच्चार आणि व्याकरण

‘मॉर्फ’ मधला ‘फ’ ‘फळ’ मधल्यासारखा नाही, ‘फोन’ मधल्यासारखा ओठ-दातांचा आहे. भूतकाळी रूप लिहिताना ‘मॉर्फ्ड’ लिहितात. बोलताना शेवटचा आवाज ‘ट’ कडे झुकतो.

हे क्रियापद बहुधा अकर्मक असतं आणि त्याच्या पाठोपाठ ‘इन्टू’ येतं. ‘द रॅली मॉर्फ्ड इन्टू अ मूव्हमेंट’, म्हणजे मोर्चाची बघता बघता चळवळ झाली. आधीची अवस्थाही सांगायची असेल तर ‘फ्रॉम’ आणि ‘इन्टू’ दोन्ही येतात: ‘इट मॉर्फ्ड फ्रॉम अ हॉबी इन्टू अ बिझनेस’, म्हणजे छंदाचा हळूहळू व्यवसाय झाला. सकर्मक वापर मुख्यतः चित्रतंत्रात होतो, तिथे एक प्रतिमा दुसरीत मॉर्फ करतात.

मुलांच्या लिखाणात एक चूक वारंवार दिसते. ‘मॉर्फ्ड टू’ असं लिहिलं जातं. ‘चेंज टू’ चालतं म्हणून हेही चालेल असं वाटतं. आत शिरणं, एक होऊन दुसरं बनणं हा भाव असल्यामुळे इथे ‘इन्टू’च हवं. दुसरी गोष्ट, हा शब्द मूळचा अनौपचारिक वळणाचा आहे. बातमीत, लेखात, भाषणात तो शोभतो. करारनाम्यात, सरकारी पत्रात किंवा प्रबंधात ‘ट्रान्सफॉर्म’ किंवा ‘चेंज’ अधिक सुरक्षित.

पहिली कसोटी: बदल सलग आहे का?

बदल सांगणारे इंग्रजी शब्द पुष्कळ आहेत. मराठीत त्यांतल्या बहुतेकांना आपण ‘रूपांतर होणे’ म्हणून टाकतो आणि घोळ होतो. त्यांतले फरक असे:

‘चेंज’ सगळ्यात मोकळा. लहान, मोठा, अचानक, सावकाश, कुठलाही बदल त्यात मावतो.

‘ट्रान्सफॉर्म’ मध्ये बदल मोठा असतो, नुसत्या रूपापुरता न राहता स्वभावापर्यंत किंवा कामापर्यंत पोचतो आणि बहुधा चांगल्या दिशेचा असतो. आपला ‘कायापालट’ याच्या जवळ आहे. पाणी आल्यावर गावाचा कायापालट झाला, इथे ‘मॉर्फ’ चालणार नाही.

‘कन्व्हर्ट’ म्हणजे ठरवून, नियमाने केलेला बदल: रुपयांचे डॉलर, फाइलचा प्रकार, गोदामाचं घर. ‘डीफॉर्म’ म्हणजे दाबामुळे, ताणामुळे आकार बिघडणे. अभियांत्रिकीच्या पुस्तकात याला विरूपण म्हणतात. तुळई वाकली तर ती ‘डीफॉर्म’ झाली, ‘मॉर्फ’ झाली नाही. ‘डिस्टॉर्ट’ म्हणजे वेडंवाकडं करणे, मग तो आरसा असो, आवाज असो की कुणाचं विधान. ‘म्यूटेट’ जनुकांच्या बदलाशी बांधलेला आहे. ‘इव्हॉल्व्ह’ मध्ये पिढ्यांचा किंवा निदान वर्षांचा काळ असतो आणि बदल पुढे नेणारा असतो.

‘मॉर्फ’ या सगळ्यांच्या मधली जागा भरतो. बदल सलग असतो, मधल्या अवस्था डोळ्यांना दिसतात, पण ‘इथपर्यंत हे होतं आणि इथून ते झालं’ अशी रेघ ओढता येत नाही. चांगलं की वाईट याबद्दल शब्द स्वतः काही बोलत नाही. एका रात्रीत झालेल्या बदलाला, घोषणेने किंवा कायद्याने झालेल्या बदलाला तो वापरू नये. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आलं. तारीख ठरलेली असल्यामुळे इथे ‘मॉर्फ’ बसत नाही.

वेषांतर हेही मॉर्फ नव्हे. आपला बहुरूपी आज पोलीस, उद्या साधू होऊन दारात येतो, पण सोंगाखाली माणूस तोच राहतो. सोन्याच्या हरणाचं रूप घेणारा मारीच किंवा लोककथेतला इच्छाधारी नाग यांना इंग्रजीत ‘शेपशिफ्टर’ म्हणतात. मनात येईल तेव्हा रूप बदलून पुन्हा मूळ रूपात येण्याची शक्ती त्या शब्दात आहे. संस्कृतातून आलेला आपला ‘कामरूपी’ हा त्याला नेमका प्रतिशब्द आहे.

दुसरी कसोटी: करणारा कोण?

‘मॉर्फ’ बहुधा अकर्मक असल्यामुळे त्याच्या वाक्यात बदल करणारा दिसत नाही. बदल जणू आपोआप होत गेला असा सूर लागतो. लिहिणाऱ्याने इथे फार सावध राहायला हवं.

मुंबईच्या गिरणगावाचं उदाहरण घ्या. इंग्रजी लेखनात लोअर परळबद्दल ‘द मिल डिस्ट्रिक्ट मॉर्फ्ड इन्टू मॉल्स अँड ऑफिसेस’ अशा वळणाचं वाक्य सहज लिहून जातं. वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे. चिमण्या गेल्या, काचेच्या इमारती आल्या, फिनिक्स मिलच्या जागी मॉल उभा राहिला, हे सगळं वर्षानुवर्षं टप्प्याटप्प्याने झालं हेही खरं. पण त्यामागे माणसं होती आणि निर्णय होते. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे वाटे ठरवले: काही भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, काही म्हाडाला घरांसाठी, बाकीचा मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जागेपुरती ठेवली आणि शहराच्या व कामगारांच्या वाट्याला येणारी जमीन एकदम आटली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००६ मध्ये ती दुरुस्ती कायम राहिली. एवढं सगळं ‘मॉर्फ’ या एका क्रियापदाखाली झाकलं जातं. तिथे ‘वॉज टर्न्ड इन्टू’ किंवा ‘वॉज रीडेव्हलप्ड’ लिहिलं, तर वाचणारा निदान विचारेल, कुणी केलं?

मराठीत हा फरक आपण रोज पाळतो. ‘गिरण्यांचे मॉल झाले’ आणि ‘गिरण्यांचे मॉल केले’ या दोन वाक्यांमधलं अंतर लालबागच्या कुठल्याही म्हाताऱ्या कामगाराला समजावून सांगावं लागत नाही. इंग्रजी लिहितानाही तेच भान ठेवा. कर्ता माहीत असेल आणि त्याची जबाबदारी असेल, तर अकर्मक ‘मॉर्फ’ वापरू नका.

नाम म्हणून: इथे बदल नाहीच

जीवशास्त्रात ‘मॉर्फ’ हे नाम आहे आणि त्याचा अर्थ बदल असा होत नाही. एकाच जातीतले कायमचे वेगळे दिसणारे प्रकार म्हणजे मॉर्फ. ताडोबात दिसलेला काळा बिबट्या हा बिबट्याचाच ‘डार्क मॉर्फ’. तो जन्मतः काळा असतो, नंतर काळा होत नाही.

घराजवळच याचं सुरेख उदाहरण सापडतं. कुंडीतल्या कढीपत्त्यावर किंवा लिंबाच्या रोपावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा तपकिरी-पांढरा ठिपका दिसला तर झटकू नका. ती बहुधा कॉमन मॉर्मन फुलपाखराची किंवा त्याच्या जवळच्या जातीची लहान अळी असते. काही दिवसांनी कात टाकून ती पानासारखी हिरवी होते, मग कोष, मग फुलपाखरू. या सगळ्या प्रवासाचं नाव ‘मेटामॉर्फोसिस’. आता कॉमन मॉर्मनच्या माद्या पाहा. त्या तीन रूपांत आढळतात. एक नरासारखी दिसते, दुसरी कॉमन रोझ या विषारी फुलपाखरासारखी, तिसरी क्रिमसन रोझसारखी. ही नक्कल नंतरच्या दोघींना पक्ष्यांपासून वाचवते. ही तीन रूपं म्हणजे तीन मॉर्फ. एक मादी आयुष्यभर एकाच मॉर्फची राहते. म्हणजे एकाच झाडावर ‘मेटामॉर्फोसिस’ आणि ‘मॉर्फ’ हे दोन्ही शब्द, अगदी वेगळ्या अर्थांनी, पाहायला मिळतात. भाषाशास्त्रातलं ‘मॉर्फीम’ हेही नाम. मराठीत त्याला रूपिम म्हणतात.

आपल्याकडचा ‘मॉर्फ’ आणि तक्रारीची भाषा

भारतात ‘मॉर्फ करणे’ सकर्मक झालं आणि त्याला गुन्ह्याचा अर्थ चिकटला. हा वापर चुकीचा मानण्याचं कारण नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांमध्येच ‘आर्टिफिशियली मॉर्फ्ड इमेजेस’ असा शब्दप्रयोग आहे. अशी प्रतिमा ज्याची आहे त्याने, किंवा त्याच्या वतीने कुणी, तक्रार केली की ती ठरलेल्या मुदतीत हटवणं समाजमाध्यम कंपन्यांना बंधनकारक आहे. भारतातल्या कंपनीला किंवा पोलिसांना लिहिताना हा शब्द बेधडक वापरा. परदेशात मात्र ‘डॉक्टर्ड’, ‘फेक’ किंवा ‘डीपफेक’ म्हणा. अश्लील चित्र असेल तर तसं स्पष्ट सांगा.

शब्द वापरताना प्रकार ओळखा. फोटो नुसता कापला, उजळला, त्यातून कुणाला काढून टाकलं, तर तो ‘एडिटेड’. एकाचा चेहरा दुसऱ्याच्या शरीरावर जोडला, तर आपल्या वापरात ‘मॉर्फ’. कृत्रिम बुद्धिमत्तेने चेहरा, आवाज किंवा हालचाल नव्याने बनवली, तर ‘डीपफेक’. नक्की कळत नसेल तर ‘बनावट’ लिहा. तो शब्द तिन्ही ठिकाणी खरा ठरतो.

आता तक्रारीचं वाक्य पाहू. ‘माझा फोटो मॉर्फ होऊन व्हायरल झाला आहे’ या वाक्यात कर्ता नाही, कृती धूसर आहे, वेळ नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘मी अमुक तारखेला माझ्या इन्स्टाग्राम खात्यावर टाकलेल्या फोटोतला चेहरा घेऊन तो दुसऱ्या व्यक्तीच्या नग्न छायाचित्रावर जोडला आहे. हे बनावट चित्र अमुक क्रमांकावरून अमुक दिवशी, अमुक वाजता माझ्या भावाला पाठवण्यात आलं. ते पसरवू नये म्हणून माझ्याकडे इतक्या रुपयांची मागणी केली.’ वाचणाऱ्या अधिकाऱ्याला कृती, साधन, वेळ आणि खंडणी असं सगळं एका दमात मिळतं.

लिहिण्याआधी आणि लिहिताना एवढं करा:

१. मूळ फोटो जपून ठेवा. बनावटपणाचा सगळ्यात सोपा पुरावा तोच.

२. आलेले संदेश पुसू नका. खात्याचं नाव, क्रमांक, दुवा, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. फोन बदलू नका, रीसेट करू नका.

३. पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी थांबत नाही, वाढते. पैसे गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब कळवा.

४. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. महिला आणि मुलांच्या अशा तक्रारींसाठी तिथे वेगळा विभाग आहे आणि नाव न देताही कळवता येतं. जवळच्या पोलीस ठाण्यातही जा. हद्दीचं कारण सांगून परत पाठवू लागले तर हद्द न पाहता नोंदवल्या जाणाऱ्या ‘झिरो एफआयआर’ची मागणी करा.

५. पीडित व्यक्ती प्रौढ असेल तर ‘स्टॉप एनसीआयआय’ ही सेवा वापरता येते. चित्र तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही. त्याचा फक्त अंकी ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून ते चित्र अडवतात. अठरा वर्षांखालच्यांसाठी ‘टेक इट डाउन’ ही तशीच सेवा आहे.

६. अशी वेळ मुळात येऊ नये म्हणून कर्जाच्या ॲपला फोटो आणि संपर्कयादीची परवानगी देऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या ॲपने ती मागायचीच नाही. जो मागतो, त्याच्यापासून दूर राहा.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ अश्लील मजकुराला आणि ६७ अ उघड लैंगिक मजकुराला लागू होतं. ६७ अ खाली पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. घाबरलेली मुलगी आधी ‘तो फोटो मॉर्फ आहे’ एवढंच म्हणते, कारण फोटो खरा असेल तर दोष आपला, असं तिच्या मनावर बिंबवलेलं असतं. फोटो खरा असला तरी तिच्या संमतीशिवाय असं खासगी छायाचित्र पसरवणं हा गुन्हाच आहे. घरच्यांनी पहिला प्रश्न ‘खरा की खोटा?’ हा विचारू नये. ‘कुणी पाठवला?’ हा विचारावा.

मराठीत काय लिहावं

दर वेळी ‘मॉर्फ’ लिहायलाच हवं असं नाही. हळूहळू झालेल्या बदलाला ‘रूप पालटत गेलं’, ‘बघता बघता झालं’, ‘होत होत बनलं’ ही आपली वळणं अर्थ पूर्ण पोचवतात. ‘होत होत’ या द्विरुक्तीत मधले सगळे टप्पे येतात. चित्रतंत्राबद्दल लिहिताना ‘मॉर्फिंग’ तसंच ठेवा. जीवशास्त्रात ‘रूपप्रकार’ लिहिलं तर वाचकाला लगेच कळतं. बातमीत ‘चेहरा जोडून बनावट अश्लील फोटो तयार केला’ असं लिहिलं, तर चार शब्द वाढतात, पण काय घडलं आणि ते कुणीतरी केलं आहे हे दोन्ही वाचकाला समजतं. बातमी लिहिणाऱ्यांनी आणि तक्रार लिहिणाऱ्यांनी हे चार शब्द जरूर खर्च करावेत. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला नेमक्या शब्दांचा आधार असतो, आणि ज्याने तो केला त्याला मोघम शब्दांआड लपायला जागा मिळते.